कोठी बदलली की आचारी का अडतो?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा पाठिंबा थांबवला. माझ्या भाच्याचा लॅपटॉप तेव्हा आठ वर्षांचा झाला होता. कीबोर्ड शाबूत, स्क्रीन स्वच्छ, बॅटरी जेमतेम. पण विंडोज ११ ला लागणारा नव्या पिढीचा प्रोसेसर त्यात नव्हता. चालते यंत्र भंगारात कशाला घालायचे, म्हणून त्याने त्यावर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. ब्राउझर चालला, व्हीएलसी चालला, कॉलेजच्या कामाला लिब्रेऑफिस मिळाले. मग गेमची पाळी आली. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ची नवी आवृत्ती सुरू झाली, आणि तो गेम तर खुद्द मायक्रोसॉफ्टचा. ‘व्हॅलोरंट’ मात्र काही केल्या चालेना.

“मामा, प्रोसेसर तोच, ग्राफिक्स तेच, रॅमसुद्धा तीच,” तो म्हणाला. “मग गेमला कळतं कसं, की आपण सिस्टीम बदललीय? आणि कळत असेल, तर एज ऑफ एम्पायर्स कसा काय चालतो?”

प्रश्न चोख आहे. त्याचे उत्तर नीट समजले, की कमी खपाच्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी गेम कंपन्यांनी खर्च करावा का, या जुन्या वादातही पाऊल नेमके कुठे टाकायचे ते कळते.

कोठी आणि चूल

पूर्वीच्या लग्नघरात एक खोली कोठीची असे. तूप, साखर, वेलदोडे, केशराची डबी, मोठी पातेली, सगळे तिथे. दाराशी घरातली एखादी खमकी, विश्वासाची मावशी किल्ल्या घेऊन बसे. आचारी बाहेर चुलीपाशी. त्याला काही लागले की तो कोठीकडे मागणी करी आणि मावशी मोजून काढून देई. आचाऱ्याने स्वतः कोठीत शिरायचे नाही, असा दंडक.

संगणकात चूल म्हणजे प्रोसेसर, आचारी म्हणजे गेम, आणि कोठी सांभाळणारी मावशी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. गेम डिस्कवरची फाइल स्वतः उघडत नाही, स्पीकरमधून स्वतः आवाज काढत नाही, पडद्यावर स्वतः रंग भरत नाही. तो मागतो, सिस्टीम देते. ही मागण्याची भाषा प्रत्येक घरची निराळी. फाइल उघडायची तर विंडोजमध्ये ‘क्रिएटफाइल’ म्हणावे लागते, लिनक्समध्ये ‘ओपन’. चित्र काढायच्या मागण्यांचा तर मोठा ग्रंथच आहे. विंडोजच्या घरी त्याचे नाव डायरेक्टथ्रीडी. नव्वदच्या दशकापासून बहुतेक गेम तोच वापरत आले आणि लिनक्सच्या कोठीत त्यातले एक अक्षर कुणाला कळत नाही.

म्हणजे चूल तीच, डाळ-तांदूळ तेच, आचाऱ्याचे हातही तेच. तो “वरच्या फळीवरचा तिसरा डबा द्या” म्हणतो आणि या घरात ती फळीच नसते.

दुभाषी उभा राहतो

यावर उपाय दोन. एक, आचाऱ्यालाच नव्या घरची भाषा शिकवायची, म्हणजे कंपनीने त्याच गेमची लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्ती करायची. याला पोर्ट करणे म्हणतात. दुसरा उपाय, कोठीच्या दारात दुभाषी उभा करायचा. आचाऱ्याने “वरच्या फळीवरचा तिसरा डबा” म्हटले की दुभाष्याने मावशीला सांगायचे, “त्यांना साखर हवीय.”

हा दुभाषी १९९३ पासून घडतो आहे. त्याचे नाव वाइन. मायक्रोसॉफ्टने विंडोजचा अंतर्गत कोड कधी खुला केला नाही, त्यामुळे वाइनच्या प्रोग्रॅमरना एकेका मागणीला विंडोज काय उत्तर देते ते बाहेरून पाहून शिकावे लागले. उत्तरातल्या चुकासुद्धा तंतोतंत उतरवाव्या लागल्या, कारण काही जुने प्रोग्रॅम त्या चुकांवरच विसंबून होते. वाइनची १.० ही आवृत्ती आली २००८ मध्ये. पंधरा वर्षे लोकांनी हे काम, बराचसा काळ फुकट, करत नेले. याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. लोकांना वाटते, दुभाषी आला म्हणजे गेम रखडत चालणार. पण वाइन चूल बदलत नाही. गेमचे आकडेमोडीचे काम थेट प्रोसेसरवर, पूर्ण वेगाने होते. दुभाषी मध्ये येतो तो फक्त मागणीच्या क्षणी. जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्रॅम असतात, त्यांना एम्युलेटर म्हणतात. ते खोटी चूल उभारून तिच्यावर रांधतात, म्हणून जड पडतात. वाइन तसे नाही, आणि ‘वाइन हा एम्युलेटर नाही’ असे त्याच्या नावाच्या विस्तारातच सांगून ठेवले आहे.

मोठी अडचण उरली होती चित्रांची. २०१६ मध्ये व्हल्कन नावाची ग्राफिक्सची नवी, सर्वांना खुली भाषा आली. पुढे फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरला ‘निअर: ऑटोमाटा’ हा गेम लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्याने डायरेक्टथ्रीडीच्या मागण्यांचे व्हल्कनमध्ये भाषांतर करणारा डीएक्सव्हीके हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. ‘स्टीम’ हे गेमचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्याच्या कामाला पैसा पुरवला, वाइनवर काम करणाऱ्यांना हाताशी धरले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ही सगळी मोट बांधून ‘प्रोटॉन’ नावाने स्टीममध्येच बसवली. तेव्हापासून लिनक्सवर विंडोजचा गेम घ्यायचा, बटण दाबायचे आणि खेळायचे, इतके सोपे झाले. भाच्याचा एज ऑफ एम्पायर्स याच वाटेने चालला.

एक बारकी अडचण सांगतो, कारण ती खेळणाऱ्याला प्रत्यक्ष जाणवते. गेम ग्राफिक्स कार्डाला प्रकाश, पाणी, धूर कसे रंगवायचे याचे छोटे छोटे प्रोग्रॅम पाठवतो. त्यांना शेडर म्हणतात. प्रत्येक शेडर पहिल्यांदा समोर येतो तेव्हा त्याचे भाषांतर करावे लागते आणि तेवढ्यात चित्र क्षणभर अडखळते. ऐन दिवाळीत चकली करायला बसल्यावर भाजणी दळायला धावावे, तसे हे. यावर स्टीमने केलेला उपाय असा: इतर खेळाडूंच्या यंत्रांवर आधीच तयार झालेले शेडर तुमच्याकडे गेमबरोबरच पाठवायचे. भाजणी दळलेलीच घरी येते.

> चौकट: थोडी शब्दओळख
> पोर्ट: एका सिस्टीमसाठी लिहिलेल्या गेमची दुसऱ्या सिस्टीमसाठी केलेली स्वतंत्र आवृत्ती.
> वाइन, प्रोटॉन: विंडोजच्या मागण्या लिनक्सला समजावून देणारे दुभाषी. प्रोटॉन म्हणजे गेमसाठी तयार केलेले वाइन, सोबत इतर साधने.
> कर्नल: ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. यंत्रावर पूर्ण ताबा याचा.
> डिस्ट्रो: लिनक्सचा तोच गाभा घेऊन वेगवेगळ्या गटांनी बांधलेल्या सिस्टीम. उबुंटू, फेडोरा, मिंट, आर्च वगैरे.

शंभरातले तीन

आता कंपनीच्या गल्ल्यावर बसून पाहू. स्टीम दर महिन्याला खेळाडूंच्या यंत्रांची पाहणी छापते. ऑक्टोबर २०२५ च्या पाहणीत लिनक्सचा वाटा पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या वर गेला. मॅक २ टक्क्यांच्या आसपास, उरलेले सगळे विंडोज. तीन टक्के ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण स्टीमवर एका वेळी हजर असणाऱ्यांचा आकडा २०२५ मध्ये ४ कोटींच्या वर गेला आहे. त्याचे तीन टक्के धरले तर बारा लाख माणसे होतात.

तरीही कंपनी कचरते, आणि तिची भीती पोकळ नाही. आजकाल गोडो, युनिटी, अनरियल अशा तयार इंजिनांवर गेम बांधतात. लिनक्सची आवृत्ती काढणे हे पुष्कळदा एक पर्याय निवडण्याइतके सोपे असते. खर्च त्यानंतर सुरू होतो. प्रत्येक दुरुस्ती दोनदा तपासा, प्रत्येक तक्रारीला उत्तर द्या, ग्राफिक्स कार्ड चालवणारे प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, नवे आले की पुन्हा पाहा, आणि हे गेम विकला जातो तोवर, म्हणजे पाच-दहा वर्षे.

इतिहासही कंपन्यांच्या बाजूने बोलतो. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या लोकी सॉफ्टवेअरने नामांकित गेम लिनक्सवर आणायचाच धंदा मांडला. ‘क्वेक ३’सारखे गेम त्यांनी आणले. पण लिनक्सची आवृत्ती सहसा विंडोजच्या मागून येई आणि तोवर हौशी माणसाने विंडोजची प्रत घेतलेली असे. जानेवारी २००२ मध्ये कंपनी बंद पडली. जाताना ती एसडीएल नावाचे एक साधन मागे ठेवून गेली. ते आजही असंख्य गेमच्या पोटात काम करते. अलीकडचे उदाहरण ‘रॉकेट लीग’चे. मार्च २०२० मध्ये त्यांनी मॅक आणि लिनक्स दोन्ही सोडले. कारण दिले ते असे, की गेम डायरेक्टएक्स (डायरेक्टथ्रीडी ज्याचा भाग आहे तो विंडोजचा संच) ९ वरून ११ वर न्यायचा आहे आणि या दोन्ही सिस्टीमवरचे खेळाडू मिळून ०.३ टक्क्यांहून कमी आहेत. विकत घेतलेल्यांना पैसे परत देऊ केले, हे त्यांनी बरे केले.

तक्रारींचा मुद्दा मला सर्वांत बोलका वाटतो. २०१४ च्या ‘प्लॅनेटरी ॲनिहिलेशन’ या गेमवर काम केलेल्या एका प्रोग्रॅमरने नंतर जाहीर सांगितले, की त्यांच्या विक्रीत लिनक्सचा वाटा हजारात एकापेक्षाही कमी होता, पण बिघाडांच्या नोंदी आणि तक्रारींमध्ये तो सुमारे पाचव्या हिश्शाएवढा, आणि बहुतेक दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचे. हा आकडा ऐकून कुणीही व्यवस्थापक लिनक्सच्या नावावर काट मारील.

पण २०२१ मध्ये ‘डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न’ या लहानशा गेमच्या कर्त्याने आपला हिशेब मांडला. सुमारे १२,००० प्रती विकल्या, त्यांतल्या ७०० च्या आसपास लिनक्सवाल्यांनी घेतल्या. दोषांच्या एकूण १,०४० नोंदी आल्या, त्यांतल्या जवळजवळ ४०० लिनक्सवाल्यांच्या. सहा टक्के गिऱ्हाईक आणि अडतीस टक्के तक्रारी! मात्र त्याने त्या चारशे नोंदी एकेक वाचल्या तेव्हा फक्त लिनक्सवर उद्भवणारे दोष निघाले अवघे तीन. बाकी सगळे दोष सगळ्यांनाच छळत होते. विंडोजवाले निमूट सोसत होते, लिनक्सवाल्यांनी ते नोंदवले. तेही नीट, काय केले, काय झाले, यंत्र कोणते, अशी सारी माहिती देऊन. ओपन सोर्सच्या, म्हणजे खुल्या कोडच्या, जगात दोष नोंदवणे हा रोजचा रिवाज आहे, ती सवय त्यांनी इथेही आणली.

तक्रारींचा ढीग दोन्हीकडे सारखाच. एकाने तो खर्च म्हणून मोजला, दुसऱ्याला त्यात बिनपगारी तपासनीस सापडले. दोघेही खरे बोलत आहेत, फक्त २०१४ च्या लिनक्सचे ड्रायव्हर आणि २०२१ चे ड्रायव्हर यांत पुष्कळ फरक पडला होता, हे लक्षात ठेवावे लागते.

पैसे देण्यातही हे लोक मागे नाहीत. २०१० मध्ये ‘हंबल इंडी बंडल’ नावाने काही गेमचा गठ्ठा ‘वाटेल ती किंमत द्या’ या बोलीवर विकला गेला. लिनक्सवाल्यांनी विंडोजवाल्यांच्या सरासरी जवळजवळ दुप्पट रक्कम दिली.

लिनक्स नावाचे एक घर नाही

तरीसुद्धा प्रत्येक कंपनीने लिनक्सची स्वतंत्र आवृत्ती काढावी, असे मी म्हणणार नाही. त्याचे कारण गिऱ्हाइकांच्या संख्येत नाही. ते लिनक्सच्याच घडणीत आहे.

विंडोज एका कंपनीची. वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम आजही चालावा, यासाठी ती जिवाचा आटापिटा करते. लिनक्सच्या डिस्ट्रो अनेक, आणि गाभ्याभोवतीची साधने सतत बदलणारी. २०२२ मध्ये ग्लिबसी या पायाभूत साधनाच्या नव्या आवृत्तीत एक जुनी, बहुतेकांना निरुपयोगी वाटलेली सोय गळाली आणि फसवणूक रोखणारा एक प्रोग्रॅम नव्या डिस्ट्रोंवर मोडला. त्याच्यावर विसंबलेले गेम बंद. कंपनीने पोर्ट केला आणि दोन वर्षांनी लक्ष काढून घेतले, तर तो असाच कधीतरी कोसळतो. उलट त्याच गेमची विंडोज आवृत्ती प्रोटॉनमधून चालत राहते, कारण दुभाष्याची देखभाल करणारे लोक रोज कामावर आहेत. ऐकायला विचित्र वाटेल, पण आज लिनक्सवर सर्वांत टिकाऊ ठरलेली भाषा विंडोजची आहे.

व्हॉल्व्हने फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळायचे यंत्र आणले. त्यात लिनक्स आहे, पण ठरलेले. एकच चिप, एकच सिस्टीम. सप्टेंबर २०२५ मध्ये लॅरियन कंपनीने ‘बाल्डर्स गेट ३’ची खास डेकसाठी आवृत्ती काढली आणि बजावून सांगितले, की पाठिंबा फक्त डेकला, लिनक्सला नाही. काही जण रागावले. मला ते प्रामाणिक वाटले. जे निभावता येईल तेवढेच वचन द्यावे.

कोठीत पहारेकरी बसवला तर

आता व्हॅलोरंट. ऑनलाइन नेमबाजीच्या गेममध्ये फसवणूक हा मोठा रोग आहे. एखादा चोरटा प्रोग्रॅम भिंतीपलीकडचा शत्रू दाखवतो, दुसरा नेम आपोआप साधून देतो. एक फसवणारा नऊ जणांचा डाव नासवतो. हे चोरटे प्रोग्रॅम हळूहळू कर्नलमध्ये, म्हणजे थेट कोठीत, जाऊन लपू लागले. तेव्हा कंपन्यांनी आपला पहारेकरीही कोठीत बसवला. व्हॅलोरंटचा पहारेकरी व्हॅनगार्ड यंत्र सुरू होताक्षणी गाभ्यात हजर असतो. २०२४ मध्ये तो त्याच कंपनीच्या ‘लीग ऑफ लेजेंड्स’लाही लावला आणि वाइनमधून वर्षानुवर्षे तो गेम खेळणारे लिनक्सवाले एका दिवसात बाहेर पडले.

दुभाषी इथे का हरतो? तो कोठीच्या दारात उभा असतो, आत विंडोजचा गाभा नसतोच. पहारेकऱ्याला बसायला जागा नाही. आणि लिनक्ससाठी निराळा पहारेकरी केला तरी प्रश्न सुटत नाही. लिनक्सचा गाभा खुला आहे, ज्याला येते त्याने तो बदलून नव्याने बांधावा. मग कोठीच्या भिंती ज्याने स्वतः बांधल्या, त्याच्या कोठीत बसून पहारेकरी कशावर विश्वास ठेवणार? जे स्वातंत्र्य लिनक्सचा प्राण आहे, तेच इथे आड येते.

पण कोठीत परक्याला बसवण्याची किंमतही जगाने पाहिली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या, गाभ्यात बसणाऱ्या प्रोग्रॅमला एक सदोष दुरुस्ती गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. तो गेम नव्हता, पण बसायची जागा तीच. त्यानंतर सुरक्षेचे प्रोग्रॅम गाभ्याबाहेरून चालवता यावेत, यासाठी मायक्रोसॉफ्टनेच काम हाती घेतले.

मधला मार्ग आहे. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय हे दोन मोठे पहारेकरी २०२१ पासून प्रोटॉनमध्ये, गाभ्याबाहेर राहून, काम करू शकतात. मात्र गेमच्या कंपनीने होकार द्यावा लागतो. पहारा थोडा सैल पडतो, हे खरे. ‘एपेक्स लेजेंड्स’ने होकार दिला होता, मग ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी फसवणुकीचे कारण देऊन मागे घेतला. ‘फोर्टनाइट’ची कंपनी एपिक तर ईझी अँटी-चीटची मालक, तरी तिने आपल्या गेमसाठी तो होकार दिलेला नाही.

मॅकची गोष्ट निराळी

मॅकचे घर एकाच मालकाचे आणि टापटीप, पण मालक भिंती पाडताना भाडेकरूला फारसे विचारत नाही. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीत ॲपलने ३२-बिट प्रोग्रॅम बंद केले आणि शेकडो जुने गेम रातोरात मुके झाले. २०२३ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’ आला तो मॅकला वगळूनच. त्याच वर्षी ॲपलने गेम आणणाऱ्यांसाठी जो साधनसंच दिला, त्याच्या आत मात्र वाइनच आहे. दुभाष्याला तिथेही काम मिळाले.

मग कंपन्यांनी करावे काय?

माझे मागणे थोडे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला, तशा लहान चमूकडून तीन सिस्टीमच्या तीन आवृत्त्या मागणे अन्यायाचे होईल. पण विंडोजची आवृत्ती एकदा प्रोटॉनमध्ये चालवून पाहणे हे दोन दिवसांचे काम आहे. गेम सुरू करण्याआधी कंपनीचे स्वतःचे लाँचर उघडायला लावण्याची सक्ती टाळली, तरी अर्ध्या तक्रारी जन्माला येत नाहीत. एकट्याने खेळायच्या भागाला पहारेकऱ्याची गरज नसते, तो भाग तरी लिनक्सवाल्यांना उघडा ठेवावा. स्पर्धेच्या गेममध्ये पहारा सैल करायचा नसेल तर तसे विकतानाच सांगावे. आणि एकदा दिलेला पाठिंबा काढायचा झाला तर अवधी द्यावा, पैसे परत द्यावेत.

मोठ्या कंपन्यांना आणखी एक सांगेन. दुसऱ्या घरची सवय ठेवण्याचा फायदा कधी कसा उपयोगी पडेल ते आधी दिसत नाही. ‘डूम’ हा १९९३ चा गेम डॉस या जुन्या सिस्टीमसाठी विकला गेला. त्याची लिनक्स आवृत्ती आयडी सॉफ्टवेअर या त्याच्या कंपनीतल्याच एका प्रोग्रॅमरने १९९४ मध्ये केली, धंद्याच्या दृष्टीने नगण्य. डिसेंबर १९९७ मध्ये आयडी सॉफ्टवेअरने डूमचा कोड खुला करायचे ठरवले तेव्हा ध्यानात आले, की डॉसच्या आवृत्तीत आवाजासाठी वापरलेला भाग दुसऱ्यांच्या मालकीचा आहे, तो देता येत नाही. म्हणून त्यांनी दिला तो लिनक्सचा कोड. पुढे फोनपासून घड्याळापर्यंत जगभरच्या हौशी लोकांनी डूम जिथे जिथे चालवला, त्यातले बहुतेक वंश त्या कोडपासून निघाले.

परवा भाच्याने डूम विकत घेतला, अगदी किरकोळ किमतीत, आणि त्याच्या फाइली त्या जुन्या लॅपटॉपवर एका खुल्या इंजिनात टाकल्या. ना दुभाषी लागला, ना पहारेकरी. पंखा जराही न घरघरता गेम सुरू झाला. आता तो कोडच उघडून बसला आहे, दाराचा आवाज कुठून येतो ते शोधत.